झरीच्या तळाचा फोटो

पेडण्याच्या बाजारात तांबड्या भाजीच्या आणि मुळ्याच्या जुड्या दिसू लागल्या, की माझं मन डिचोलीच्या वाटेला लागतं. पावसाळी भात तोवर कापून झालेलं असतं. शेतांत राहिलेल्या खुंटांमधून बगळे पाय उचलत चालतात. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजतो तेव्हा हवेला कोरडा गारवा असतो, आणि गरम पोई हातात घेतली की तिचा कोंडा बोटांना चिकटतो. नेमक्या याच दिवसांत तिकडे खालच्या शेतांत पुन्हा पाणी सोडतात. पाऊस परतलेला असतो, तरी पाणी येतं. ते झरीचं असतं. त्या पाण्यावर हिवाळ्यात जे दुसरं भात उभं राहतं, त्याला आमच्याकडे वायंगण म्हणतात.

यंदाही जुड्या आल्या, आणि मला तो हंगाम आठवला ज्यात मी एका झरीच्या मागे लागले होते.

फार जुनी गोष्ट नाही. पेडण्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. पर्यटकांचा मोसम सुरू झाला की मोरजीकडच्या पाहुणेघरांची कामं येतात. खोल्या, नाश्त्याची टेबलं आणि मुख्य म्हणजे पोहण्याचे तलाव. त्या तलावांसाठीच मी पोलरायझर घेतला होता. लेन्सच्या तोंडावर बसवायची काचेची गोल चकती ती, जराशी काळपट, बोटांनी फिरवता येणारी. पाण्यावर, पानावर, खिडकीच्या काचेवर आपटून जो उजेड परततो, तो बराचसा एकाच अंगाने थरथरत येतो. चकती फिरवता फिरवता एका जागी तो उजेड अडतो आणि वरची चमक निघून जाते. आभाळाचा निळा गडद होतो, माडांची झावळं हिरवीगार दिसतात, साध्या फरशीचा तलाव नितळ निळा होतो. पाहुणेघरांच्या मालकांना तेवढंच हवं असतं, आणि मी ते त्यांना देते.

त्या वर्षी दिवाळीनंतर शेवंती मावशीचा फोन आला. शेवंती मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. डिचोलीपासून आत, खाणींच्या डोंगराच्या पायथ्याला तिचं गाव आहे.

"तुजो तो मोठो कॅमेरो घेवन ये गो बाय," ती म्हणाली.

"कोणाचां लगीन ठरलां?"

"लगीन खंयचां? आमची झर मेली म्हणतत. ती जिती आसा, तां दिसता असो फोटो व्हयो."

मग तिने सगळं सांगितलं. खाण बरीच वर्षं बंद होती. ती पुन्हा सुरू होणार अशी बोलवा होती आणि खनिजाच्या ट्रकांसाठी नवा रस्ता आखला होता. जुना रस्ता भर गावातून, लोकांच्या दारांवरून जायचा. नवा गावाला वळसा घालून जाणार होता. गोष्ट चांगलीच होती. फक्त त्याची रेषा मावशीच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेच्या खोलगट जागेवरून जात होती. झर तिथे होती. मोजणीला आलेल्या लोकांनी भर दुपारी वरून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढले आणि पावसाचं डबकं साचलंय असं सांगितलं. खाली पाइप घालू, वर भराव टाकू, पाणी असलंच तर जाईल.

"पाइपातसून पाणी जाता," मावशी म्हणाली. "पाइपातसून झर फुटना नाय."

मी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली. कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा. अस्नोड्यापुढे रस्त्याकडेची माती हळूहळू तांबडी होत जाते. ट्रक बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी जुन्या भिंतींच्या पायथ्याला तो रंग तसाच होता, पावसांनी धुऊनही न गेलेला.

मावशीच्या घराच्या बोल्कांवावर, दारापुढच्या त्या बसायच्या कट्ट्यावर, बाबलकाका बसला होता. मावशीचा नवरा. मला कॅमेऱ्याची पिशवी उतरवताना पाहून म्हणाला, "ये. झरीचो साखरपुडो काढूक इलंस?"

काकाने उमेदीची सगळी वर्षं खनिजाचा ट्रक चालवला होता. खाणीतून भरायचा, नदीकाठच्या धक्क्यावर ओतायचा. तिथून बार्जींत, म्हणजे सपाट मालबोटींत, चढून खनिज मुरगाव बंदराला जायचं. त्या ट्रकावर दोन मुली शिकल्या, घरावर नवी कौलं आली. मग खाण बंद पडली. ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या टपावर दुधीचा वेल चढला, आणि अखेर काकाने तो विकला. त्यानंतर त्याने घरामागच्या चढणीवर, पार वरपर्यंत काजूची झाडं लावली. पण पहिल्या खेपेच्या वेळेला त्याला जाग यायची ती येतच राहिली. खाण सुरू व्हावी असं त्याला मनापासून वाटत होतं. स्वतःसाठी नव्हे, तो आता थकला होता. पण गावातली तरुण माणसं रोज दुचाकीवर दूरवर कामाला जातात, घरं दिवसभर बंद असतात, हे त्याला पाहवत नव्हतं.

"रस्तो जावक व्हयो," तो म्हणाला.

"जावं दी," मावशी आतून म्हणाली. "पण झरीवयलो नको."

हे बोलणं त्या घरात बरेच दिवस चाललं असावं. दोघांचाही आवाज चढला नाही.

झर मी लहानपणी पाहिली होती, पण नीट आठवत नव्हती. मावशी पदर खोचून पुढे, मी मागे. सुपारीच्या झाडांमधून उतरत गेलो. पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर, मिरवेलींचा तिखट वास, कुठेतरी पाटाची बारीक खळखळ. चार माणसं फेर धरून उभी राहतील एवढीच ती जागा. काठाला शेवाळलेले दगड. आणि पाण्यावर आभाळ. निळं आभाळ, त्यात सुपारीचे उलटे शेंडे, आणि एक मोठी पांढरी चमक. बाकी काही नाही. मोजणीवाल्यांनी मुद्दाम खोटं सांगितलं असं मला तेव्हा वाटलं नाही. वरून उभं राहून पाहिलं तर मलाही डबकंच दिसलं असतं.

"वाक," मावशी म्हणाली. "आनी वाक. हात धर असो कपाळार."

मी वाकले, दोन्ही हातांची सावली केली, आणि पाण्याखाली वाळू दिसली. पांढरी, स्वच्छ वाळू. ती हलत होती. पेज उकळताना तांदूळ तळातून वर येतात आणि पुन्हा बसतात, तशी ती एका जागी वर उसळत होती, पसरत होती, बसत होती. शेजारी दुसरी उसळी, पलीकडे आणखी एक, लहान. डोंगराच्या पोटातलं पाणी तिथे जमिनीतून बाहेर येत होतं, काहीही आवाज न करता.

डोळ्यांना जे वाकून जमलं ते कॅमेऱ्याला जमेना. फोटोत आभाळच आलं. मोबाइलवर व्हिडिओ घेतला, तर त्यात आभाळ हललं. मग मी पोलरायझर चढवला, वरच्या बांधावर उभी राहिले आणि चकती फिरवली. काहीच झालं नाही. सरळ वरून पाहिलं तर ही काच काही करत नाही, पाण्याकडे तिरकं पाहावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण तलावांचे फोटो काढताना मी कडेला आरामात उभी असते आणि कोन आपोआप मिळतो. इथे कोन हवा तर चिखलात उतरणं भाग होतं. सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि उतरले. पोटऱ्यांपर्यंत गार पाणी. पुन्हा चकती फिरवली.

आभाळ निघून गेलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. सुपारीचे शेंडे पुसट झाले, पांढरी चमक विझली, आणि तळाचे दगड, पडलेली सुपारी, वाळू, सगळं एकेक करून वर आलं. मी बटण दाबलं आणि फोटो मावशीला दाखवला.

तिने बराच वेळ पाहिला. "हां तर धुकां," ती म्हणाली. "झर खंय आसा?"

तिचं बरोबर होतं. ही काच चमकेबरोबर पुष्कळसा उजेडही खाते. कुळागरात आधीच सावली. कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून त्याने डोळा जास्त वेळ उघडा ठेवला, आणि तेवढ्यात उसळणाऱ्या वाळूची नुसती धुरकट रेघ झाली. डबकं म्हणणाऱ्याला त्यात गढूळ डबकंच दिसलं असतं. उजेड वाढवायचे कॅमेऱ्यात जे उपाय असतात ते करून पाहिले, तर फोटोभर दाणे उठले आणि वाळू कुठली, दाणे कुठले, ते कळेना. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते. एकही फोटो कामाचा निघाला नाही.

"ऱ्हाव आज," मावशी म्हणाली. "फाल्यां परत बघ."

मोरजीला दुसऱ्या दिवशी एक काम होतं. मी फोन करून ते पुढे ढकललं.

जेवताना कोणी झरीबद्दल बोललं नाही. उकड्या तांदळाचा भात, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी, तांबडी भाजी. काकाने एवढंच विचारलं, "कितें अडता?" मी सांगितलं की उजेड अडतोय. सकाळी थोडा वेळ ऊन झाडांच्या फटीतून थेट पाण्यावर येतं, असं मावशी म्हणते. पण मधे एक वाळलेली झावळ लोंबते आहे आणि तिची सावली नेमकी उसळीवर पडते.  काका आमटी ओरपत राहिला.

सकाळी आम्ही झरीपाशी पोचलो तर तो आधीच तिथे होता. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला कोयता बांधलेला. मान वर करून त्याने ती झावळ ओढून पाडली, कडेला सारली आणि बांबू खांद्यावर टाकला.

"तुमका रस्तो व्हयो म्हणतात ना?" मी विचारलं.

"व्हयो," काका म्हणाला. "पण खोटां सांगान नको."

तो गेला. ऊन उतरत उतरत पाण्यावर आलं. मी कालच्या जागी उभी राहिले, तेवढ्यात मावशी काठच्या दगडावर बसली आणि तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"माजे पाय येवं देत फोटोत. नायतर म्हणतले, हिने खंयच्याय झरीचो काढून हाडलो."

पायांनी उठलेला गाळ बसेपर्यंत आम्ही थांबलो. मावशी दगडासारखी स्थिर. मी चकती फिरवली, आभाळ गेलं, आणि उन्हाचा पट्टा थेट वाळूवर पडला. त्या फोटोत वाळूचा कण न् कण वेगळा आहे, वर उसळलेला, अधांतरी थांबलेला. एक बोटभर मासा आहे आणि वाळूवर त्याची सावली आहे. आणि कोपऱ्यात मावशीचे पाय, जोडव्यांसकट. मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये तो मला सर्वांत जवळचा आहे.

ग्रामसभा पंचायतीच्या हॉलमध्ये झाली. रस्त्याच्या कामाचा अभियंता मुद्दाम बोलावला होता. मध्यम वयाचा, शांत माणूस. सरपंचांनी पडद्यावर आधी मोजणीवाल्यांचे फोटो दाखवले, मग माझे.  तेव्हा मागच्या बाकावरून एक तरुण म्हणाला, "हे फिल्टर लावून काढलेत. फिल्टर लावला की काय वाट्टेल ते दिसतं. माझी आजीसुद्धा मोबाइलवर वीस वर्षांची दिसते."

लोक हसले. अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही फिल्टर वापरला आहे का?"

"वापरला आहे," मी म्हटलं.

मला राग आला होता, पण बोलून काही होणार नव्हतं. मी लेन्सवरून चकती काढली आणि त्या तरुणाच्या हातात दिली. म्हटलं, खिडकीच्या काचेकडे तिरकं पाहत फिरव. त्याने फिरवली. काचेवरची चमक गेली असणार, कारण तो हळूच म्हणाला, "भायर रिक्षा दिसता." मग चकती हातोहात फिरली. कोणी मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं, तर पडदा काळा झाला. कोणी पॉलिश केलेल्या टेबलाकडे पाहिलं. एका आजोबांनी पाण्याचा स्टीलचा पेला धरला आणि म्हणाले, "हाचेर चलना नाय." मी म्हटलं, खरं आहे, धातूवर चालत नाही. ते मान हलवून बसले. त्या एका कबुलीने माझ्या बाकीच्या बोलण्याला वजन आलं असं मला वाटलं.

"मोबाइलमधला फिल्टर फोटोत नसलेलं घालतो," मी म्हटलं. "ही काच काही घालत नाही. फक्त अडवते."

पुढे मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला. अडवणंही निरपराध नसतं. ही चकती फिरवली तर आभाळातलं इंद्रधनुष्य फोटोतून पुसून टाकता येतं, आणि इंद्रधनुष्य काही खोटं नसतं. ओल्या रस्त्यावरची दिव्यांची झळाळी जाते, आणि ती झळाळी कुणाच्या तरी आठवणीतली खरी गोष्ट असते. काय अडवायचं आणि काय येऊ द्यायचं हे काचेला कळत नाही. ते फिरवणाऱ्याच्या बोटांत असतं. त्या तरुणाची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. म्हणून त्या हंगामात मी प्रत्येक वेळी दोन फोटो काढत गेले, एक काच लावून, एक काच काढून, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

सभेत शेवटी चकती रेश्मा वहिनींकडे आली. त्यांचं घर जुन्या रस्त्याला अगदी लागून. त्यांनी चकतीतून पडद्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग ती माझ्या हातात परत दिली.

"झर आसा, मान्य," त्या म्हणाल्या. "पण ट्रक सुरू जाले काय माज्या दारावयल्यान जातले. माजो सासरो खोकून खोकून गेलो. दह्यार धुळीची साय यायची. माका नवो रस्तो व्हयो. त्याचो फोटो कोण काढतलो?"

  झर जिवंत आहे एवढंच माझा फोटो सांगत होता. रस्ता कुठून न्यायचा ते त्यात नव्हतं.

अभियंता उठला. "आज पाणी आहे हे दिसतंय," तो म्हणाला. "पण पावसाचा ओलावा अजून जमिनीत आहे. भर उन्हाळ्यात टिकलं तर मी त्याला झर म्हणेन. तोवर त्या टप्प्याचं काम थांबवतो. वैशाखात मी स्वतः येतो."

"येवा," मावशी म्हणाली. "पण बूट काडून उतरूचां पडतलां."

मग तो हिवाळा. मी जमेल तेव्हा जात राहिले. सूर्य दक्षिणेला सरकला, तशी उन्हाची फट सरकली आणि मी दगडावरून दगडावर सरकले. शेतांत वायंगणाची लावणी झाली. पहाटेच्या धुक्यात रोपांची कोवळी टोकं तेवढी दिसायची. पाट सोडायची पाळी घराघरांत वाटलेली, आणि मावशी खोरं घेऊन आपल्या पाळीला उभी. काका कधी किटलीत चहा आणून द्यायचा, पाण्याकडे एक नजर टाकायचा आणि जायचा. रोपं पोटरीला आली, ओंबी बाहेर पडली, मळाभर दुधाळ वास सुटला. पाणी कमी झालं, पण उसळी थांबली नाही.

त्याच दिवसांत मावशी रेश्मा वहिनींकडे गेली. भांडायला नाही. "तुजां म्हणणां खोटां नाय," असं म्हणून तिने त्यांना बरोबर घेतलं आणि दोघी डोंगराच्या कडेने हिंडू लागल्या. कुठून नेता येईल रस्ता? एक वाट फारच चढणीची होती. दुसरी देवराईतून. अखेर त्यांना एक सपाटीची पट्टी सापडली, झरीच्या बरीच वर, घरांपासून लांब. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. पट्टीवर आम्ही तिघी उभ्या राहिलो. काजूंना तेव्हा पहिला भरघोस बहर आला होता. पिवळे, तांबडे मुरटे, म्हणजे काजूची बोंडं, लोंबत होते आणि खाली पडलेल्या फळांचा गोड, आंबूस वास पसरला होता. ती झाडं बाबलकाकाची होती.

"भावोजींक इचार," रेश्मा वहिनी म्हणाल्या.

मावशीने मान हलवली. "तेंचो ट्रक गेलो. हीय झाडां आपून जावन मागू?"

तिने विचारलं नाही. मीही नाही. काकाच्या कानावर ते गेलं असणारच, गाव केवढंसं. पण तो रोज सकाळी टोपली घेऊन चढणीवर जायचा, बिया वेगळ्या काढायचा, आणि घरी येऊन उन्हात वाळत घालायचा.

वैशाखात अभियंता आला. दगड तापलेले, कुळागराबाहेर पाऊल ठेववत नव्हतं. झर खाली गेली होती. काठापासून वीतभर ओला पट्टा उघडा पडला होता. गावातले दहाबारा लोक जमले होते, काकाही होता. अभियंत्याने बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरला. मी कॅमेरा पुढे केला, पण तो म्हणाला, "नुसती काच द्या."

त्याने चकती डोळ्याला लावली आणि फिरवली. मग थांबला.  मी त्याच्या शेजारून वाकून पाहिलं. उसळी बारीक झाली होती, पण वाळू उठत होती, बसत होती.

"झर आहे," तो म्हणाला. मावशीने हात जोडले नाहीत की काही नाही, नुसता श्वास सोडला. तो पुढे म्हणाला, "आता अडचण सांगतो. रेषा हलवायची तर वरच्या पट्टीवरून. ती खाजगी जमीन आहे. मालकाने हरकत घेतली तर प्रकरण लांबेल, आणि तोवर ट्रक गावातूनच जातील."

कोणी काकाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

"मालक हंयच उभो आसा," काका म्हणाला. "काजी कापा. परत लावूक येतत. झर लावूक येना नाय."

अभियंता पाण्यातून बाहेर आला. "विचार करून सांगा, घाई नाही."

"विचार माघापसून करतंय," काका म्हणाला.

मावशी त्याच्याकडे वळली नाही. ती दगडावर बसून पदराने पाय पुसत होती, आणि पुसून झाले तरी पुसतच होती. मग उठली आणि सगळ्यांना म्हणाली, "जेवक चला. जेवण आंबलां तर माका सांगू नकात."

रेषा हलली. झाडं कापायच्या दिवशी काका बोल्कांवावर बसून राहिला नाही. कोयता घेऊन गेला आणि पहिलं झाड त्याने दुसऱ्या कुणाला तोडू दिलं नाही. घरी आला तेव्हा त्याच्या हातांना काजूचा चीक लागून कातडी काळी पडली होती. मावशीने खोबरेल लावून दिलं. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी तोवर पेडण्याला परतले होते.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. खाण सुरू झाली, ट्रक वरून जातात. रेश्मा वहिनींच्या भिंतीला चुना लागला आणि तो पांढराच राहिला. पण सुपारीच्या वरच्या रांगेवर धूळ बसते, आणि पहिल्याच पावसात नव्या रस्त्याची तांबडी माती ओघळून पाटाच्या तोंडाशी आली. मावशी आणि वहिनी दोघी पंचायतीत गेल्या. तिथे काही हललं नाही, तेव्हा गावाने चिरे रचून स्वतःच बांध घातला. पुढच्या पावसात तो एका बाजूला खचला. पुन्हा घातला.

परवा रविवारी मी गेले होते. लावणी चालू होती. वाकलेल्या बायकांची ओळ शेतातून मागे मागे येत होती, रोपांची हिरवी रांग पुढे पुढे जात होती. सकाळचं ऊन, चिखलाचा थंड वास, वर कुठेतरी ट्रकाचा गिअर बदलल्याचा आवाज. काका बांधावर रोपांच्या मुठी पोचवत होता. मी कॅमेरा काढायला लागले तशी मावशी कंबर सरळ करून म्हणाली, "एक बाय येवक नाय. हात कमी पडता."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला, पिशवी बांधावर ठेवली आणि चपला काढून ओळीत शिरले. लावणी मी आयुष्यात कधी केली नव्हती. काकाने मूठ हातात दिली. पाच-सहा रोपं लावून होईपर्यंत पाठ भरून आली आणि शेजारच्या बायका दोन हात पुढे गेल्या.

मावशीने मान वर करून माझी ओळ पाहिली. "वाकडी गेली गो."

"जावं दी," मी म्हटलं आणि पुढची रोपं चिखलात खोचली. "फाल्यां परत येतंय."